अडीच किलोची गोधडी, सात किलोचं भाडं

उदगीरकर
आमच्या भागातल्या बायांकडून हातशिवणीच्या गोधड्या करून घेतो आणि मोबाईलवरच्या खरेदी-विक्रीच्या मंचावर ऑनलाइन विकतो. या धंद्यात बरीच वर्षं गेली, म्हणून बोलतोय. पूर्वी काट्यावर जे वजन भरायचं त्याचं भाडं लागायचं. आता खोक्याच्या आकारमानावरून वजन धरतात. ४५ गुणिले ४० गुणिले २० सेंटीमीटरचा खोका, भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. गोधडी मात्र अडीच किलोची. तेही आधी सांगून नाही. पार्सल गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर मंचानं माझ्या पैशातून फरक कापला. नियम बदलल्याचा मेल इंग्रजीत, तो सणाच्या गर्दीत येऊन पडलेला.

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन घातलं की हमाली, तोलाई सगळं हिशोबपट्टीवर लिहून हातात मिळतं. पटलं नाही तर आडत्याच्या गादीवर जाऊन भांडता येतं. इथं भांडायचं कुणाशी? म्हणून माझं म्हणणं एकच आहे. दर बदला, पण आधी कळवा, आणि निघालेल्या पार्सलला जुनाच दर लावा.

पार्सलवाला, संभाजीनगर
दादा, कळवायला पाहिजे हे खरंय. पण आकारमानाचं गणित काही कुणी तुम्हाला लुटायला काढलेलं नाही. कुरिअरमध्ये ते जुनंच आहे. गाडी जागेनं भरते. गाद्या, गोधड्या, प्लास्टिकच्या टोपल्या भरल्या की वजन निम्मं पण होत नाही आणि दार लागत नाही. डिझेल तेवढंच जळतं. विक्रेते लांबी-रुंदी बिनधास्त कमी लिहायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून तर मोजायची मशीनं आली.

उदगीरकर
भाऊ, सूत्राला माझा विरोध नाहीच. सातशेची गोधडी विकताना भाडं किती पडणार ते माहीत असेल तर मी किंमत तशी लावीन. विकून झाल्यावर कळलं तर तो फरक कुणाच्या खिशातून जातो? बायांची मजुरी तर मी आधीच रोख दिलेली असते.

नांदेडची गिऱ्हाईक
मला विक्रेत्यांची बाजू पूर्ण पटत नाही. सिल्क म्हणून पॉलिस्टर पाठवणारे, फोटोत एक रंग आणि पाकिटात दुसरा, हे आम्ही भोगलंय. परत करायची सोय आहे म्हणून तर माझ्या आईनं मोबाईलवरून पहिली साडी मागवली. नियम कडक झाले तेव्हाच विश्वास बसला. ते ढिले करा म्हणाल तर मी तुमच्या बाजूनं नाही.

परभणी बचत गट
ताई, परत करा, पण वापरून करू नका. आमची एक गोधडी परत आली तिला खोबरेल तेलाचा वास आणि कडेला चहाचा डाग. धावदोरा दोन ठिकाणी उसवलेला. शिवणाऱ्या मावशी ती हातात घेऊन किती वेळ नुसत्या बघत बसल्या. फोटोसकट दावा केला, तो नामंजूर झाला. वर परतीचं भाडंही आमच्याच माथी. फसवणाऱ्या विक्रेत्यांची शिक्षा आम्ही काहून भोगायची?

कर सल्लागार, लातूर
तक्रारी वेगवेगळ्या करा, नाहीतर गल्लत होते. मंच विक्रीच्या पैशातून आधीच कर कापून सरकारकडं भरतो. त्यातला जीएसटीचा, म्हणजे टीसीएस, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला, आधी एक टक्का होता. आयकराचा, म्हणजे टीडीएस, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की जमा दिसतात. मंचाची फी आणि भाडं यांचा सरकारशी संबंध नाही.

भांडायचं कुणाशी, हा उदगीरकरांचा मुद्दा मात्र कायद्याच्या अंगानंही खरा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं बंधन आहे. विक्रेत्याच्या तक्रारीला तशी मुदत त्यात नाही.

उदगीरकर
हेच तर! अजून एक सांगा साहेब. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन विकता येतं, पण राज्यातल्या राज्यातच ना? आमच्या बाया मुंबईला माल पाठवू शकतात. कर्नाटकातलं बीदर आमच्या शेजारी, सोयरीक तिकडं, पण बीदरच्या गिऱ्हाइकाला ऑनलाइन गोधडी पाठवायची तर नोंदणी लागते.

कर सल्लागार, लातूर
बरोबर. सीमेवरच्या तालुक्यांना ही अट फार जाचते. उदगीर, देगलूर, उमरगा, सगळ्यांचं हेच दुखणं आहे.

पार्सलवाला, संभाजीनगर
कायद्याचं तुम्ही बघा, मी माझ्या कामाचं सांगतो. गोधडीची हवा काढून पिशवी सील करा, उंची निम्म्यावर येईल. पॅक झाल्यावर टेप लावून तिन्ही बाजूंचे फोटो काढा. मोजमापावर हरकत घ्यायला पुरावा लागतो. तो न देता नुसतं अन्याय अन्याय म्हणून चालत नाही.

परभणी बचत गट
हवा काढली की कापूस दबतो दादा. गिऱ्हाईक उघडतं आणि पातळ आहे म्हणून परत पाठवतं. करून बघितलंय.

उदगीरकर
आणि फोटो मी दिले होते भाऊ. टेपचे आकडे स्पष्ट दिसत होते. उत्तर आलं, तपासणी पूर्ण, केस बंद. कुणी तपासलं, मशीनवर किती माप आलं, एक शब्द नाही. ते माप मला दाखवायला काय हरकत आहे, एवढं तुमच्या गोदामातल्या साहेबाला विचारून सांगाल का?

पार्सलवाला, संभाजीनगर
विचारतो. मशीन प्रत्येक पार्सलचा फोटो काढतं, आमच्याकडं तरी. तो तुम्हाला का देत नाहीत, ते मलाही ठाऊक नाही.