कामवालीला मास्क, पाहुण्यांना चहा?

मुलुंडची सून: २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातले कोविडचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. तेव्हापासून घरोघरी आपापले नियम. आमच्या मजल्यावर भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मास्क अजून सक्तीचा. त्या असतात वीसेक मिनिटं, तेही उघड्या खिडकीपाशी. नवरे मात्र लोकलमध्ये तासभर चेपून येतात आणि तसेच आजींच्या शेजारी जेवायला बसतात. पाहुणे आले की खिडक्या लावून, एसी सोडून तीन तास गप्पा! विषाणू हवेतून पसरतो हे एवढ्या वर्षांत कळलंय ना? घरात वय झालेलं, मधुमेही माणूस असेल तर मास्क लोकलमध्ये लावा.

आठ-बाराची फास्ट: ताई, मे महिन्यात ठाणे ते दादर एन-९५ लावून उभ्या राहा, मग बोलू. १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोसवाल्यांना लोकल खुली झाली, तेव्हापासून रोज जातोय. दारं उघडी असतात, वारा खेळतो. आणि आयुष्यभर किती घाबरायचं?

मुलुंडची सून: वारा दारात लटकणाऱ्याला. आत दोन सीटांच्या मध्ये उभं राहणाऱ्याला समोरच्याचा श्वासच मिळतो. एसी लोकलचं तर विचारूच नका. बारा महिने लावा असं कुठे म्हणतेय? साथ वाढली की लावा.

परळची चाळ: तुमचा वाद ब्लॉकवाल्यांचा आहे. जुलै २०२० च्या सेरो (रक्ततपासणीच्या) सर्वेक्षणात मुंबईच्या तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत अँटीबॉडी, म्हणजे कोविड होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या, इतर वस्तीत १६ टक्के. झोपडपट्टीवाले काय बेफिकीर होते? संडास सामायिक, खोली एक. आमच्याकडे आजारी माणसाला गॅलरीत झोपवतो, दार उघडं ठेवतो. बाकी कसलं विलगीकरण!

आजी_७६: माझ्यावरून भांडताय, तर मलाही विचारा. बूस्टर घेतलाय. साथ असली तर घरी बसेन, एरवी भजनी मंडळ सोडणार नाही. सुनेने दुधाच्या पिशव्या साबणाने धुणं तेवढं थांबवावं, फार पाणी जातं.

आठ-बाराची फास्ट: आजी, बरोबर! पण मावशींना मास्क असू दे की. त्या चार घरं फिरून येतात.

परळची चाळ: दादा, तुम्ही अख्खा डबा फिरून येता. माझी आई हीच कामं करायची. ताप असला तरी गोळी घेऊन जायची, कारण खाडा झाला की पैसे कापले जायचे. मास्क देता, आजारपणाची भरपगारी रजा देता का?

मुलुंडची सून: आम्ही कापत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सुचवलं होतं, तर म्हणे, 'तुम्ही सवयी बिघडवताय.'