पाचवीतल्या पोरीच्या हाती आठवीचा पेपर: आत्ताच द्यावा की थांबावे?

कृषीकेंद्रवाला, दारव्हा तालुका
कापूस वेचणी जोरात आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. पाचवीच्या शिष्यवृत्तीचा जुना पेपर एक म्हणजे 75 प्रश्न, दीड तास. घरी जुने पेपर सोडवायला दिले तर ती पाऊण तासात मोकळी होते. चार-पाच चुकतात, तेही घाईत वाचल्याने. उरलेल्या वेळात पेपरच्या कडेला कपाशीची बोंडं काढत बसते. सलग पाच पेपर हेच पाहतो आहे. म्हणजे हा पेपर मला तिच्याबद्दल नवीन काही सांगत नाही.

परवा एक गणित वाचून दाखवले. 7 ने भागले तर बाकी 4, 5 ने भागले तर बाकी 2, अशी सर्वांत लहान तीन अंकी संख्या कोणती? मी बोटे मोजत होतो, तेवढ्यात ही म्हणते, "102." कसे काय? तर, "बाबा, दोन्हीकडे तीनच तर कमी पडून राहिले." आणि उठून पाणी प्यायला गेली.

पुण्याचा साळा म्हणतो, हिला वरच्या वर्गाची परीक्षा दे, अमेरिकेत हुशार पोरांना सातवीतच कॉलेजच्या प्रवेशाची सॅट देतात. शाळेतले सर म्हणतात घाई करू नका. मला साळ्याचे पटते. पण कधी? पाचवीतच, की आठवीपर्यंत थांबून? बोला.

निवृत्त गुरुजी, आर्णी
थांबा. सरळ सांगतो, थांबा.

माझ्या वर्गात एक पोरगा होता. बाप त्याला तिसरीपासून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या खाजगी ऑलिंपियाडला बसवायचा. फी भरली की पदक घरी यायचे, भिंतीवर खिळ्यांना जागा उरली नव्हती. सहावीत पहिल्यांदा खरा अवघड पेपर समोर आला, तर पोरगा पोट दुखते म्हणून घरी निघून गेला. त्यानंतर दर परीक्षेला त्याचे पोट दुखायचे. तुमच्या पोरीला आज 75 पैकी 70 ची सवय आहे. आठवीच्या पेपरात तिला तीसही पडणार नाहीत. दहा वर्षांच्या लेकराला तुम्ही ते कसे समजावणार?

दारव्ह्याचा, सध्या पुण्यात
गुरुजी, तीस पडणे हाच तर त्या परीक्षेचा मुद्दा आहे. दुकानातल्या दहा किलोच्या काट्यावर कापसाचे गाठोडे ठेवले तर काटा शेवटाला जाऊन टेकतो. गाठोडे 15 किलोचे की 40 चे, काटा सांगत नाही. पाचवीचा पेपर या पोरीसाठी तो काटा झाला आहे. मोठ्या काट्यावर मधोमध काहीतरी दाखवले, तरच खरे वजन कळते.

अमेरिकेतली गोष्ट अशी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1971 मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि 1972 च्या मार्चमध्ये सातवी-आठवीच्या मुलांना सॅटचे गणित दिले. बारावीच्या वयाच्या पोरांसाठीचा तो पेपर. 13 वर्षांच्या आत 800 पैकी 700 मिळवणारे पोर दहा हजारांत एखादे, असे त्यांचे लोक पुढे मानू लागले. गणितज्ञ टेरेन्स ताओंना तर आठव्या वर्षी 760 होते.

आणि हा पेपर सगळ्या पोरांना देत नसत. आपल्या वयाच्या चाचणीत जो शंभरात वरच्या तीन-पाचांत आहे, त्यालाच बोलवायचे. कधी द्यायचा, याचे उत्तर तिथेच आहे. आपल्या इयत्तेचा पेपर टोकाला टेकला, की त्या दिवशी. वय पाहायचे कारण नाही.

सोयाबीनवाला
सॅट तं आमच्या पोट्ट्यानंही देली. एनएमएमएसमंधी असते. त्यात काय एवढं?

दारव्ह्याचा, सध्या पुण्यात
दादा, ती वेगळी. एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीत असते, तिचा दुसरा पेपर शालेय क्षमता चाचणी, त्यालाही सॅट म्हणतात. त्या परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अमेरिकेची सॅट दिली तर उलट आपल्यालाच डॉलरमध्ये फी भरावी लागते.

सोयाबीनवाला
मंग आपलीच बरी! पण मले पहिले हे सांगा, ते 102 आलं कुठून? मी बीकॉम झालेलो हाओ, अन् दोन्हीकडं तीन कमी म्हणजे काय हे काही डोक्यात शिरून नाही राह्यलं.

नवोदयी, वर्धा
7 ने भागून बाकी 4, म्हणजे पुढच्या सातला 3 कमी पडले. 5 ने भागून बाकी 2, तिथेही 3 कमी. मग संख्येत 3 घातले की ती 35 च्या पाढ्यात बसणार: 35, 70, 105. त्यातून 3 काढा: 32, 67, 102. तीन अंकी पहिली 102. क्लासमध्ये हे सूत्र म्हणून घोकून घेतात. पोरीला ते कोणी शिकवले नसेल, तर ही साधी गोष्ट नाही.

तरीही मी गुरुजींच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे. नवोदयची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा तोंडावर आहे. पाचवीत असतानाच ती देता येते आणि आयुष्यात एकदाच. 80 प्रश्न, दोन तास. जागांपैकी किमान 75 टक्के ग्रामीण मुलांच्या. अशा वेळी तिच्या डोक्यात आठवीचे बीजगणित कशाला?

माझे सांगतो. गावच्या शाळेत मी पाचवीपर्यंत पहिला यायचो, कधी अभ्यास केलाच नाही. सेलुकाट्याच्या नवोदयात सहावीत गेलो, तर वर्गात सगळेच आपापल्या गावचे पहिले. पहिल्या चाचणीत माझा नंबर विचारू नका. रात्री पांघरुणात रडलो, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा अभ्यासाला बसलो. मला वरच्या इयत्तेचा पेपर कोणी दिला नाही, बरोबरीची पोरे दिली. ते जास्त कामाला आले.

दारव्ह्याचा, सध्या पुण्यात
आणि नवोदयमध्ये नंबर नाही लागला तर? एका जिल्ह्यातून 80 पोरे घेतात. एक्क्याऐंशीव्याने काय करायचे, बोंडं काढत बसायचे?

अंगणवाडीताई, दिग्रस
तुम्ही सगळे भाऊ पेपरावर बोलत आहात, मी एसटीवर बोलते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे सहा किलोमीटर. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बस बंद, आणि सगळ्यांत आधी पोरींची शाळा बंद. माझ्या डोळ्यांसमोर दोन हुशार पोरी आठवीतून सुटल्या. एकीचे तर सरांनी घरी येऊन कौतुक केले होते.

म्हणून कृषीकेंद्रवाल्या भाऊंना विचारते, निकाल हाती आल्यावर काय करणार? तीस आले तर काय, पन्नास आले तर काय? दोन्ही वेळा ती उद्या त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणार असेल, तर पेपर तुमच्या समाधानासाठी झाला. तिच्यासाठी नाही.

दारव्ह्याचा, सध्या पुण्यात
ताई, तुमचे म्हणणे बिनतोड आहे. स्टॅनलींनीही नुसते गुण वाटले नाहीत. त्याच 1972 च्या उन्हाळ्यात निवडलेल्या पोरांसाठी गणिताचा भरभर पुढे जाणारा वर्ग काढला. पेपर म्हणजे दरवाजा, वर्ग म्हणजे मागची खोली. आपल्याकडे दरवाजा आहे, मागे खोली नाही, हे खरे. पण आठवीपासून आयओक्यूएमला बसता येते, गणित ऑलिंपियाडची ती पहिली पायरी. 30 प्रश्न, तीन तास, पर्याय नाहीत. पोरीकडे मध्ये तीन वर्षे आहेत. तयारी कुठून सुरू करायची, हे कळायला तरी आज माप घ्या.

निवृत्त गुरुजी, आर्णी
माप घ्या म्हणणे सोपे आहे. कोणत्या भाषेत घेणार? सॅटचे गणितही इंग्रजी वाक्यांत गुंडाळलेले असते. मराठी शाळेतल्या पोरीला ते दिले तर तिचे इंग्रजी मोजले जाईल, अक्कल नाही. वर बाप म्हणेल, पाहा, एवढी काही हुशार नाही. माझी भीती तीच आहे. कमी गुण पोरापेक्षा बापाच्या जास्त मनाला लागतात.

कृषीकेंद्रवाला, दारव्हा तालुका
गुरुजी, शेवटचे वाक्य मला लागले, खरे सांगतो.

सगळ्यांचे वाचून असे ठरवतो. सॅट रद्द. आठवीच्या शिष्यवृत्तीचा जुना पेपर मराठीत मिळतो, त्यातले फक्त गणिताचे 50 प्रश्न. घड्याळ नाही, गुण कोणाला सांगायचे नाहीत, साळ्यालाही नाही. नवोदयची परीक्षा आटोपली की पुढच्या रविवारी. शाळेतल्या सरांना घरी बोलावतो, आणि ताईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडूनच आधी घेतो: पोरगी कुठे अडली हे दिसले, तर आठवड्यातून एक तास तिला द्याल का? हो म्हणाले तरच पेपर.

सोयाबीनवाला
सर हो म्हणतीन. पोहे चांगले करा फक्त.

कृषीकेंद्रवाला, दारव्हा तालुका
झाला पेपर. सर हो म्हणाले होते. शनिवारी दुपारच्या सुटीनंतरचा एक तास.

50 पैकी 21 बरोबर, 9 चूक, 20 कोरे. वर्गमूळाचे चिन्ह, घातांक, असे न शिकवलेले दिसले की तिने गोल रंगवलाच नाही. अंदाज ठोकला नाही, हे सरांना फार आवडले. भागाकार, वेळ-काम, आकृत्या यांत मात्र जवळपास सगळे बरोबर. रडारड काही नाही. उलट भांडण झाले.

आठवीच्या त्या जुन्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर होते आणि दोन्ही रंगवायचे होते. वर सूचनेत तसे छापलेले होते. हिने सूचना वाचलीच नव्हती. मधेच पेपर आपटला, "बाबा, हा प्रश्न चुकला आहे, दुसरा अन् चौथा दोन्ही बरोबर येतात." मी म्हटले, एक निवड. तर म्हणे, "कायले निवडू? दोन्ही बरोबर आहेत ना!" सर हसायला लागले. तशा दोन प्रश्नांवर तिने पर्यायच खोडून "प्रश्न तपासा" असे लिहून ठेवले. ते 9 चुकांत मोजले आहेत.

दारव्ह्याचा, सध्या पुण्यात
पाहा! पेपरशी भांडण्याइतकी खात्री पाचवीत. हे पाचवीच्या पेपरात कधी दिसले असते का?

निवृत्त गुरुजी, आर्णी
मला उलटे दिसले. सूचना न वाचता धावत सुटली. वय दहा वर्षांचेच आहे, ते पेपर बदलून बदलत नाही. शनिवारचा तास मात्र चांगला ठरवला. सरांना माझा नमस्कार सांगा, आणि वर्गमूळ सुरू करण्याआधी चौरसांचे तुकडे कापून हातात द्यायला सांगा. चिन्ह मागाहून.

अंगणवाडीताई, दिग्रस
तासानंतर घरी कशी येते? सुटीनंतर गावाकडे बस आहे का?

कृषीकेंद्रवाला, दारव्हा तालुका
नाही ताई. मी दुकान बंद करून गाडीवर आणतो. पावसाळ्याचे अजून ठरले नाही.