मदत हवी आहे: वारस नोंदीआधीच हक्कसोडपत्र पुढं केलंय

नमस्कार. केज तालुक्यातल्या माझ्या चुलत जावेचे मालक पावसाळ्यात वारले. सातबारा अजून त्यांच्याच नावावर. तोवर दीर स्टॅम्प पेपर घेऊन आले, "वहिनी, नुसता अंगठा द्या, बाकी मी बघतो." नववीतल्या लेकीनं वाचून दाखवलं म्हणून कळलं, हक्कसोडपत्र होतं ते! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या वाट्यात विधवेला लेकरांइतकाच हिस्सा आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला सांगणार तरी कोण?

वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं मृत्यू दाखल्यासोबत काय काय लागतं? ई-हक्कवर (सातबारा फेरफाराच्या अर्जाची सरकारी वेबसाइट) कुणी स्वतः अर्ज भरलाय का? दिरानं हरकत घेतली तर पुढं काय? आपल्या बोलीतलं एखादं रेकॉर्डिंग असेल तर तेही पाठवा, तिला वाचता येत नाही. जरा लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात तिला रजिस्ट्रीला न्यायचं म्हणतायत.