काउंटरचं दशकाचं चाक पाचावरच अडतं, शून्यावर येत नाही (मदत हवी आहे)

कॉइल गुंडाळायच्या हातमशीनवर पाच आकडी यांत्रिक काउंटर आहे. बटण दाबलं की सगळी चाकं खट्कन शून्यावर यायची. नवीन कॉइल १२५० वेढ्यांची धरल्यापासून बटण अर्ध्यावरच थांबतं. दशकाचा ५ जागचा हलत नाही आणि बाकीचे आकडे खिडकीत तिरके लटकतात. दहा वेढे रिकामे फिरवून १२६० केलं की मात्र बटण मुकाट्याने काम करतं!

झाकण काढून पाहिलं. प्रत्येक चाकाला पत्त्यातल्या बदामासारखा कॅम (चाकाबरोबरच फिरणारा चपटा तुकडा) आहे. बटण दाबताना आधी पिनियनची (चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या छोट्या दातेरी चाकांची) दांडी बाजूला सरकते, चाकं सुटी होतात आणि मग एकाच पट्टीवरच्या पाच हातोड्या बदामांवर बसतात. बदाम फिरून हातोडी त्याच्या खोबणीत बसते, तेच शून्य. १ ते ४ वरून चाक मागे येतं, ६ ते ९ वरून पुढे जातं. पाचावर हातोडी बरोबर बदामाच्या टोकावर येते, तेव्हा चाकाने जायचं कुठे? पण मग एककाचं चाक पाचावर का अडत नाही? कानशीने टोक जरा तिरकं करू का? की चावी फिरवून शून्यावर आणायचा, चावीवाला काउंटरच बसवू?

प्रतिसाद:
कानस आधी खाली ठेवा. बदाम एकदा घासला की परत भरून येत नाही. भिंगाने दशकाच्या हातोडीचा तळ बघा. टोक आपटून तिथे बारीक खड्डा पडला असेल तर टोक त्यातच रुतून बसतं. तळ गुळगुळीत असला की थोडासा धक्काही चाक एका बाजूला ढकलायला पुरतो. आणि तेल घातलं होतंत का? धूळ बसून त्याचा चिकटा होतो.

चावीवाल्यात दांड्याला लांब खाच असते, ती प्रत्येक चाकाची खिट्टी पकडून एकाच दिशेने नेते. पाचाची भानगड नाही, पण फेरा अर्धवट सोडलात की आकडे अधेमधे.

मूळ लेखक:
खड्डा आहे! नखाला लागतोय. तेलही मीच घातलं होतं, शिलाई मशीनचं. चिकटा पुसला. आता खड्डा घासायला पट्टी बाहेर काढावी लागेल, पण तिची स्प्रिंग परत बसवायची कशी? दोन्ही टोकांना हूक आहेत आणि एक पिनियनच्या दांडीत अडकवलाय.