‘व्हॅल्यू बेट’ला मराठीत काय म्हणाल?

बोरीकाठ: पुतण्यासाठी पोकर मराठीत लिहितोय. पाचवं पान (त्यांची ‘रिव्हर’) उघडलं की पुढे काही येत नाही. आता पैसे लावायचे ते दोनच कारणांनी. पानं हलकी आहेत, समोरचा पळावा. नाहीतर पानं भारी आहेत, त्याने आपल्याहून हलक्या पानांवर भरावं. पहिला ब्लफ, दुसरी व्हॅल्यू बेट. मी ‘मूल्य-पैज’ लिहिलं. पुतण्या म्हणे, काका, विम्याची योजना आहे का?

खापरावरची: ब्लफला थाप आहे की.

तापीतीर: थाप तोंडाने मारतात. पत्त्यात माणूस गप्प, तिथे हूल. कबड्डीत देतात तीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाखाली आमचा फड बसायचा. मामा आमरसाचा हात धोतराला पुसायचे आणि पानं न बघता नोट पुढे सरकवायचे. शब्द नाही. बाकीचे पटापट पॅक!

खापरावरची: न बघता म्हणजे ब्लाइंड. स्वतःलाच पानं ठाऊक नाहीत तर हूल कसली?

तापीतीर: ताई, बघितलेली असायची हो. आम्ही पोरं मागेच बसायचो ना.

खापरावरची: मग हूल नाही, लबाडी.

केळीचं पान: व्हॅल्यू बेट म्हणजे सरळ वसुली. मधे 100 पडलेत, तुम्ही 50 लावले. समोरचा 50 भरून 150 साठी खेळतोय, म्हणजे चारात एकदा जिंकला तरी त्याची बरोबरी. तेवढी आशा त्याला वाटायला हवी, तरच वसूल. तीच रक्कम हूल म्हणून लावली तर तीनात एकदा पचली की तुमची बरोबरी. रक्कम एकच, म्हणून तर समोरच्याला कळत नाही.

शुद्धमती: ‘वसूल’ अरबी. घरात ‘पैज’ असताना उसनवारी का? ‘प्रतिज्ञा’वरून आलेला शब्द, थेट ज्ञानेश्वरीतला: ‘अमृतातेंही पैजां जिंके’.

केळीचं पान: हुकूमही अरबीच. हुकमाच्या एक्क्याला काय, ‘आज्ञेचा एक्का’ म्हणू? आणि पैज लागते ती विहिरीत उडी मारण्याची नाहीतर बारा भाकरी खाण्याची. पत्त्यात चाल. अमळनेरपासून रावेरपर्यंत कोणालाही विचारा.

शुद्धमती: चाल तीनपत्तीची. पोकर वेगळा खेळ.

केळीचं पान: वेगळा कसला, भो? तीनपत्तीत वाटल्यावर नवं पान येतच नाही. म्हणजे पहिल्या चालीपासून तुमची रिव्हरच.

बोरीकाठ: बरं, वसुली लिहितो. पण आपली पानं मध्यम असताना वसुलीला गेलं की हलके पळतात आणि भारी तेवढे गळ्यात पडतात. तेव्हा पैसे न लावता ‘चेक’ म्हणायचं. मोबाइलने त्याचं ‘तपासा’ केलंय. काय लिहू?

तापीतीर: मामा तेव्हा नुसते खोकायचे.

शुद्धमती: ‘आखाजी’ हा ‘अक्षय्य’चा अपभ्रंश की ‘आखा’चा, हे कोणी सांगेल का?

खापरावरची: आखाजीला आमरसाबरोबर मांडे असतात, एवढं मला माहीत आहे. आणि त्याला पुरणपोळी म्हणू नका.

तापीतीर: का बरं? पुरण तर असतंच.