वकिली सांभाळून निवडणूक लढवता येते का?

पूर्वभागकर:
सोलापुरात वकिली करतो, सनद मिळून पाच वर्षं झाली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई विड्या वळते. माझ्याकडे पीएफ, ग्रॅच्युइटी, थोडी पोटगीची कामं. निम्मे पक्षकार तेलुगूच बोलतात. आता एका पक्षाची मंडळी 'पुढच्या महापालिकेला उभा राहा' म्हणून मागं लागलीत. सिनिअर नको म्हणतात. सुशीलकुमार शिंदे वकिलीतूनच वर गेले ना? मार्गदर्शन करा.

मोहोळकर काका:
शिंदेसाहेबांच्या मधल्या पायऱ्या वगळू नका. सोलापूरच्या कोर्टात शिपाई, शिकत शिकत कायद्याची पदवी, पोलिसात फौजदार, मग १९७४ ची करमाळ्याची पोटनिवडणूक. मुख्यमंत्रिपद आलं २००३ ला. आणि २०१४ ला त्यांना लोकसभेत हरवणारे शरद बनसोडेही वकीलच.

मला विचाराल तर सांगोल्याचे गणपतराव देशमुख बघा. तेही कायदा शिकलेले. १९६२ पासून एकच तालुका, एकच शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), अकरा वेळा आमदार. १९७२ ला पडले, १९९५ ला पडले, पण लोकांना सोडून गेले नाहीत.

माझं सांगतो. मी पंचायत समितीला उभा होतो. प्रचारात दीड महिना गेला, तारखांना ज्युनिअरला पाठवत होतो. एका तारखेला तोही पोचला नाही आणि एका म्हातारीचा वाटपाचा दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. अर्ज देऊन रिस्टोर करून घेतला, पण वर्ष गेलं. निवडणूक हरल्याचं दुःख कधीच विसरलो. ती बाई कोर्टाच्या पायरीवर पिशवी धरून बसली होती, ते नाही विसरत. उभे राहणार असाल तर आधी प्रत्येक फाईल कोण बघणार ते ठरवा, आणि पक्षकाराला तसं तोंडावर सांगा.

सातरस्ता:
कायद्याची अडचण नाही. आमदार-खासदारांना वकिली करता येते, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला सांगितलंय. मात्र निवडून आलात तर पालिकेशी संबंधित वकीलपत्र घेऊ नका. आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. तुमच्या वयाच्या वकिलाला इतकी चांगली वेळ आमच्या काळात नव्हती.

पूर्वभागकर:
काका, आज फाईली मोजल्या. एकेचाळीस. त्यातल्या सव्वीस विडी कामगार बायकांच्या, बऱ्याच आईच्याच ओळखीच्या. या सव्वीस निकाली निघेपर्यंत उभा राहत नाही, असं त्या मंडळींना उद्या कळवतो.