चीज तव्यावर, पोळी रिकामी!

टिळकवाडीतनं विचारतेय. पोरगं शाळेतनं आलं की दहा मिनिटांत गरम काहीतरी पाहिजे. चीज, कांदा, मिरची भरून पोळी लाटते, पण उलटली की फुटतेय.

खानापूरची मावशी: कांद्याला आधीच मीठ लावतेस होय ग? पाणी सुटतंय त्यानं. मीठ कणकेतच घाल.

निपाणीकर: मोझरेला चीज वापरत असाल तर ते ओलं असतंय, ताई. साधं प्रोसेस्ड चीज फ्रिजमधनं काढून गारच किसा. लाटायची कटकट तरी कशाला? सकाळची चपाती अर्ध्यात दुमडायची, कडेला कणकेची खळ लावून दाबायची, मंद आचेवर लोणी सोडायचं. आमच्यात असंच चालतंय.

विचारणारी: मावशी, मिठाचंच होतं बघा! आज एकच फुटली. ती मीच खाल्ली, शेंगदाण्याच्या चटणीसंगट.